शिशिरातला उजेड : कराडच्या खोऱ्यापासून माणदेशापर्यंतचे निसर्गछायाचित्रण

कराडचे स्थान निसर्गछायाचित्रणाच्या दृष्टीने वेगळे का ठरते, हे कळण्यासाठी प्रथम नद्यांच्या वाटा पाहाव्या लागतात. कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावतात; कृष्णा वाईवरून आग्नेयेकडे उतरते, तर कोयना सह्याद्रीच्या रांगांमधून सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे वाहत जाऊन हेळवाकजवळ पूर्वेला वळते, आणि मग या दोघी कराडला जवळजवळ समोरासमोर येऊन भिडतात. प्रीतिसंगम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जागेपासून एकत्र झालेला प्रवाह पूर्वेकडे निघतो. पश्चिमेला पाटणच्या बाजूचा घाटमाथा, मध्ये उसाने भरलेले नदीकाठचे खोरे आणि पूर्वेला खटाव-माणचा कोरडा माळ, अशी तीन निसर्गरूपे येथे इतकी जवळ आली आहेत की, वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे महाबळेश्वर आणि पाचशे मिलिमीटरच्या आसपास भागवणारा माणदेश एकाच सातारा जिल्ह्यात सामावतात. कॅमेरा घेऊन पहाटे बाहेर पडणाऱ्याला जे धुके, जो धूर आणि जो उजेड मिळतो, तो या भूरचनेचा आणि तिच्यावर चाललेल्या शेतीचा परिणाम असतो. म्हणून या भागात चांगले छायाचित्र बहुधा त्यालाच साधते, ज्याला लेन्सइतकीच जमीनही वाचता येते.

संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा, म्हणजे ढोबळमानाने जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी महिना, हा या कामासाठी वर्षातला सर्वांत उपयुक्त काळ मानता येईल. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असे खेड्यापाड्यांत म्हटले जाते, आणि हवामानाच्या दृष्टीनेही ते फारसे चुकीचे नाही, कारण त्यानंतर दख्खनवर दिवसाचे तापमान झपाट्याने वाढू लागते. या काळात आकाश बहुतेक निरभ्र असते, शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी काढणीला येत असते, हरभरा वाळत असतो, उसाचा गळीत हंगाम ऐन भरात असतो, पानगळीमुळे फांद्या मोकळ्या होऊन पक्षी नजरेला पडू लागतात, आणि मध्य आशिया व हिमालयापलीकडून आलेले स्थलांतरित पाहुणे अजून परतलेले नसतात. डिसेंबरच्या पहाटा अधिक गार असतात हे खरे, परंतु शेतीतली आणि पक्ष्यांमधली एवढी लगबग तेव्हा एकाच वेळी पाहायला मिळत नाही.

प्रकाशाच्या बाबतीत येथील अक्षांश विसरून चालत नाही. कराड विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे सव्वासतरा अंशांवर आहे. फेब्रुवारीच्या आरंभी येथे सूर्य सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास उगवतो, महिन्याच्या मध्याला साधारण सात वाजता आणि अखेरीस सातला आठ-दहा मिनिटे कमी असताना. उगवतानाही तो नेमक्या पूर्वेला नसतो, तर मध्य फेब्रुवारीत जवळजवळ चौदा अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. छायाचित्रणावरील बहुतेक पाठ्यपुस्तके युरोप-अमेरिकेत लिहिली गेली असल्याने त्यांत सूर्योदयानंतरच्या सोनेरी प्रकाशाला तासाभराचा अवधी दिलेला आढळतो. त्या देशांत हिवाळ्यातला सूर्य क्षितिजाला चिकटून तिरका वर चढतो. कराडला मात्र तो बराचसा सरळ चढतो, तासाला सुमारे चौदा अंश या वेगाने. त्यामुळे उगवल्यानंतर अर्ध्या तासाच्या आतच तो सहा अंशांच्या वर जातो आणि प्रकाशातील तांबूसपणा ओसरू लागतो. सूर्योदयापूर्वीचा निळसर संधिप्रकाशही वीस-बावीस मिनिटांपेक्षा अधिक काळ कामाचा राहत नाही. एकूण हिशेब पाऊण तासाचा आहे, आणि ज्या टेकडीवरून चित्र घ्यायचे तिच्या माथ्यावर पोचण्यासाठी लागणारा वेळ त्यात धरलेला नाही.

हा तांबूसपणा येतो कसा, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण वातावरणाच्या फार मोठ्या जाडीतून प्रवास करून येतात. हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात, त्यामुळे डोळ्यांपर्यंत पोचताना लाल-पिवळ्याचे प्रमाण वाढलेले असते. कॅमेऱ्यातील ‘व्हाइट बॅलन्स’ ही व्यवस्था, म्हणजे प्रकाशाच्या रंगाची छटा ओळखून पांढरी वस्तू पांढरीच दिसावी यासाठी केली जाणारी दुरुस्ती, स्वयंचलित ठेवली तर ती हा तांबूसपणा दोष समजून धुऊन टाकते. म्हणून पहाटे ती ‘दिवसाचा प्रकाश’ या ठरावीक स्थितीवर ठेवणे श्रेयस्कर असते. मोबाइलवर टिपलेली पहाट पुष्कळदा भर सकाळसारखी का दिसते, याचे उत्तरही बव्हंशी याच दुरुस्तीत आहे.

कराडच्या खोऱ्यातील धुके दोन प्रकारे जन्माला येते आणि दोन्ही प्रकार एकाच चित्रात सापडू शकतात. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला टेकलेली हवा थंड होते, जड झालेली ही हवा डोंगरउतारांवरून घसरत खोऱ्याच्या तळाशी साठते आणि तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. हे जमिनीवरचे धुके होय. कोयना धरणातून सिंचनासाठी सोडल्या जाणाऱ्या पाण्यामुळे हिवाळ्यातही नदी वाहती असते, कृष्णेवर एकोणिसाव्या शतकातील खोडशीच्या बंधाऱ्यासारखे पाणी अडवणारे बांध आहेत, आणि दोन्ही तीरांवर मैलोन्‌मैल भिजवलेला ऊस उभा आहे. खोऱ्यातील हवेला बाष्पाचा पुरवठा असा अखंड चालू असतो. दुसरा प्रकार नदीच्या पृष्ठावरचा. रात्रभर गार झालेल्या हवेपेक्षा पाणी उबदार असते, त्यावरून उठणारी वाफ थंड हवेत शिरताच गोठल्यासारखी दिसू लागते, आणि प्रीतिसंगमाच्या घाटावरून पाहिले असता पाण्यावर वळवळणाऱ्या शुभ्र धाग्यांच्या रूपाने ती स्पष्ट ओळखता येते.

अशा पहाटे एक उलटापालट घडलेली असते. एरवी जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होत जाते. हिवाळ्यातील शांत रात्रीनंतर मात्र खोऱ्याच्या तळाची हवा सर्वांत थंड आणि तिच्या वरचा थर तुलनेने उबदार असतो. हा उबदार थर खालच्या हवेवर झाकणासारखा बसतो, वर जाऊ पाहणारा धूर त्याला अडून आडवा पसरतो आणि गावावर तरंगणारी ती सपाट निळसर पट्टी तयार होते, जिच्यावर निसर्गचित्रकार आणि छायाचित्रकार दोघेही लुब्ध असतात. या पट्टीतील बराचसा धूर गुऱ्हाळांच्या धुराड्यांचा आणि तोडलेल्या उसाचे पाचट पेटवल्याचा असतो. धुराचे कण बाष्पाला थेंब धरण्यासाठी आधारही पुरवतात. पाचट न जाळता ते शेतातच कुजवावे असा सल्ला कृषिशास्त्रज्ञ देतात आणि तो योग्यच आहे. तेव्हा या देखण्या चित्रांतील सौंदर्याचा काही वाटा प्रदूषणाच्या नावावर मांडावा लागतो, हे कबूल करण्यास हरकत नसावी.

धुक्यावरून पाहण्यासाठी उंची लागते. कराडच्या नैर्ऋत्येला, जखिणवाडीजवळ, प्राचीन बौद्ध लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेला आगाशिवाचा डोंगर आहे. तेथून पूर्वेकडे पाहिले की सूर्य समोर असतो, कृष्णेचे खोरे धुक्याने भरलेले असते आणि त्यातून झाडांचे शेंडे, देवळांची शिखरे, धुराडी अशा मोजक्या वस्तू वर आलेल्या दिसतात. पूर्वेच्या बाजूला ओगलेवाडीजवळ सदाशिवगड आहे, ज्याच्या परिसरात एकेकाळी ओगले काच कारखान्याचे प्रभाकर कंदील तयार होत. त्याच्या माथ्यावरून पश्चिमेकडे तोंड केले तर प्रकाश पाठीमागून येतो आणि शहर, संगम व पलीकडची सह्याद्रीची रांग सरळ उजेडात उघडी पडते. समोरून येणाऱ्या प्रकाशात वस्तूंच्या कडा उजळतात, धुक्याचे थर वेगवेगळे दिसतात आणि खोली जाणवते. पाठीमागून येणाऱ्या प्रकाशात रंग व तपशील मिळतात, परंतु धुके सपाट होऊन जाते. धुक्याच्या दिवशी आगाशिव आणि लख्ख दिवशी सदाशिवगड निवडणे त्यामुळे अधिक शहाणपणाचे ठरते.

येथे प्रकाशमापनाचा प्रश्न येतो, आणि नवशिक्यांची बहुसंख्य चित्रे याच ठिकाणी फसतात. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असेल असे गृहीत धरतो. धुक्याने भरलेले खोरे त्याला अपेक्षेपेक्षा फार उजळ वाटते, म्हणून तो प्रकाश कमी करतो आणि शुभ्र धुके मळकट राखाडी होऊन बसते. अशा वेळी ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’, म्हणजे मापकाच्या निर्णयात हाताने केलेली कमी-जास्त, वापरून साधारण एक स्टॉप प्रकाश वाढवावा लागतो; एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निमपट. उलट, गर्द हिरव्या उसापुढे उन्हात उभा असलेला पांढराशुभ्र बगळा टिपताना प्रकाश कमी करावा लागतो, अन्यथा त्याच्या पिसांतील सारा तपशील जळून जातो. पडद्यावरील चित्र डोळ्यांना फसवते, विशेषतः अंधारात. म्हणून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे प्रमाण दाखवणारा आलेख, ज्याला हिस्टोग्राम म्हणतात, तो पाहण्याची सवय लावून घेतलेली बरी.

पक्षी आणि प्राणी टिपताना हीच गणिते अधिक काटेकोर होतात. चित्रात किती प्रकाश उतरेल हे तीन गोष्टी ठरवतात : शटर किती वेळ उघडे राहते, लेन्सचे छिद्र किती मोठे आहे, आणि संवेदकाची आयएसओ या एककात मोजली जाणारी ग्रहणक्षमता किती वाढवली आहे. मोठ्या लेन्सचे छिद्र ५.६ इतके उघडे ठेवून सेकंदाच्या हजाराव्या भागात बगळ्याचे उड्डाण टिपायचे असेल, तर सूर्य क्षितिजावर येण्याच्या सुमारास आयएसओ ३२०० च्या आसपास न्यावा लागतो. अर्ध्या तासाने तेच चित्र ८०० वर मिळते. आयएसओ वाढवला की चित्रात दाणेदारपणा येतो हे खरे, पण हललेल्या चित्रापेक्षा दाणेदार चित्र केव्हाही परवडते, कारण दाणे नंतर कमी करता येतात, हललेले मात्र सावरता येत नाही. वेड्या राघूसारखा चपळ पक्षी हवेत कीटक पकडताना टिपायचा तर सेकंदाचा दोन हजारावा भागही अपुरा वाटू शकतो. वंचक मात्र पाण्याच्या कडेला इतका निश्चल उभा राहतो की मंद शटरनेही काम भागते, आणि त्या वेळी त्याच्याभोवतीची वाफ वाहताना दाखवता येते. पक्ष्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आणणे हे या कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित तंत्र आहे. चिखलात गुडघे टेकण्याची तयारी असेल तर मध्यम किमतीच्या लेन्सनेही असे चित्र येते, जे उभ्याने महागड्या लेन्सला येत नाही.

कराडच्या पहाटेची खरी ओळख मात्र पक्ष्यांपेक्षा उसात आहे. काही जातींच्या उसाला हिवाळ्यात तुरा येतो, आणि सूर्य समोर असताना हे तुरे रुपेरी होऊन उजळतात. फडात सूर्योदयापूर्वीच कोयते चालू झालेले असतात. मराठवाड्यातून आलेली ऊसतोड मजुरांची कुटुंबे पालांमध्ये राहतात, मोळ्या बांधतात, बैलगाड्या भरतात, आणि त्यांच्या चुलींचा धूर धुक्याला मिळतो. गुऱ्हाळावर जळव्या चुलवाणात वाळलेली चिपाडे सारत असतो, काहिलीतून उठणारी वाफ छपराच्या फटींतून येणाऱ्या तिरक्या किरणांना दृश्य रूप देते, आणि गुळव्या रस कधी उतरवायचा याचा निर्णय नजरेने घेत असतो. ‘शुद्ध निसर्ग’ हवा म्हणून चौकटीतून विजेचा खांब, बैलगाडी आणि माणूस कसोशीने वगळणारी एक पद्धत छायाचित्रणात रूढ आहे. या खोऱ्यात ती पद्धत खोटे बोलते. येथील धुके, येथील गायबगळे आणि येथील बिबटेसुद्धा शेतीच्या आधाराने आहेत, त्यामुळे माणसाला पुसून टाकलेले चित्र कितीही मोहक असले तरी ते या प्रदेशाचे चित्र राहत नाही. माणसे चौकटीत घ्यायची तर त्यांना विचारून घ्यावीत, हे ओघानेच आले. पालातील स्त्रिया आणि मुले ही दृश्याची सजावट नव्हेत, आणि थंडीत काम करणाऱ्या मजुराला पुन्हा पुन्हा तीच मोळी उचलायला लावणे हे छायाचित्रणात मोडत नाही.

बिबट्याचा उल्लेख वर आला, त्याचा थोडा विस्तार करणे आवश्यक आहे. कराड, पाटण, शिराळा, वाळवा या तालुक्यांत बिबट्या उसात वावरतो, कारण वर्षभर उभ्या असलेल्या या दाट पिकात त्याला आडोसा मिळतो आणि गावालगत कुत्री, डुकरे व शेळ्यांच्या रूपाने भक्ष्य मिळते. महाराष्ट्रातील शेतीप्रदेशात बिबटे माणसांच्या शेजारी कसे राहतात, याचा अभ्यास विद्या अत्रेय यांनी अकोले-जुन्नर परिसरात केला असून, दाट लोकवस्तीच्या शेतीतही बिबट्यांची वस्ती टिकून राहते हे त्यातून पुढे आले. तोड चालू असताना सरीत बिबट्याची पिल्ले सापडण्याच्या घटना या हंगामात घडतात. वन विभागाची रीत अशी की, पिल्ले त्याच जागी, संध्याकाळनंतर, सुरक्षित क्रेटमध्ये ठेवली जातात, आसपासची वर्दळ थांबवली जाते आणि मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. हे दृश्य टिपण्याचे काम स्वयंचलित कॅमेरा करतो. पिल्लांभोवती मोबाइल उंचावून जमणारी गर्दी ही या भेटीतील सर्वांत मोठी अडचण असते, कारण गर्दी हटल्याशिवाय मादी जवळ येत नाही.

स्वयंचलित कॅमेऱ्याची कल्पना नवी नाही. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उत्तर भारताच्या जंगलांत वाटेवर तार ताणून, वाघाचा पाय तिला लागताच झगझगाट व्हावा अशी योजना करून रात्रीची छायाचित्रे मिळवली आणि १९२७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आजचे यंत्र तारेऐवजी प्राण्याच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेतील बदल ओळखते. कराडच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०१८ मध्ये चांदोलीत वाघाचे छायाचित्र मिळाले ते अशाच यंत्रातून. हाती कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला या घनदाट सदाहरित पट्ट्यात गवा, शेकरू आणि पुष्कळसे पक्षी भेटतात, पण झाडांच्या छायेत पहाटेचा प्रकाश फारच उशिरा पोचतो. शिशिरात त्याहून सोपे आणि समाधान देणारे काम कडेच्या पानझडी उतारांवर असते, जेथे निष्पर्ण काटेसावर आणि पळस फुलू लागतात. झाड फुलांनी भरले की शिंजीर, बुलबुल, कोतवाल आणि भोरड्या मधासाठी स्वतःच तेथे येतात. छायाचित्रकाराने सूर्य पाठीशी घेऊन एका जागी शांत बसावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते.

भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, या मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून येतात व शाळूच्या शेतांवर थव्यांनी उतरतात. गोफण घेऊन माळ्यावर राखण करणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या दाणे लुटणाऱ्या असतात आणि छायाचित्रकाराच्या दृष्टीने आकाशात आकार बदलणारा नाचता ढग. दोघांच्या नजरा एकाच थव्याकडे असल्या तरी हितसंबंध वेगळे आहेत, याचे भान ठेवून बांधावर पाय टाकण्याआधी मालकाला विचारावे. त्याच भोरड्या टोळ आणि नाकतोडेही मोठ्या प्रमाणावर खातात.

कराडहून पूर्वेकडे निघाले की धुके मागे पडते. खटाव आणि माण तालुक्यांत हवा कोरडी, आकाश अधिक निळे आणि क्षितिज दूर असते. व्यंकटेश माडगूळकर यांचा जन्म १९२७ साली ज्या माडगुळ्यात झाला, ते सांगली जिल्ह्यातील गावही याच माणदेशाच्या मुलखातले, आणि माणसे, जनावरे व माळ यांना एकाच नजरेत सामावून घेण्याची त्यांची लेखणीतील व रेखाटनांतील रीत कॅमेरेवाल्यांनीही अभ्यासावी अशी आहे. याच खटाव तालुक्यात औंध येथे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेले श्री भवानी संग्रहालय आहे. प्रकाश आणि छाया यांची मांडणी थोर चित्रकारांनी कशी केली, हे तेथील चित्रांपुढे उभे राहून पाहिल्यास छायाचित्रणाच्या अनेक पाठांपेक्षा अधिक शिकायला मिळते.

या कोरड्या मुलखात पक्ष्यांचे आकर्षण तलावांभोवती एकवटलेले आहे. मायणीचा तलाव ब्रिटिश काळातला. तो आणि आसपासचा भाग २०२१ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला, म्हणजे अशी सरकारी जमीन की जिचे रक्षण स्थानिक लोकांना सोबत घेऊन करायचे असते. येरळवाडी आणि सूर्याचीवाडी येथील जलाशयांवर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. रोहित आपली वाकडी चोच पाण्यात उलटी घालून चिखलातील सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यामुळे त्याला खोल नव्हे तर उथळ पाणी लागते; ज्या वर्षी पाऊस भरपूर होऊन तलाव काठोकाठ राहतात, त्या वर्षी पक्षी कमी येतात किंवा उशिरा येतात, आणि हिवाळा सरताना पाणी ओसरून चिखलाच्या कडा उघड्या पडल्या की त्यांच्यासाठी पान वाढले जाते. चक्रवाक आणि डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला, हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हंस हे परतीच्या प्रवासापूर्वी शरीरात चरबी साठवत असतात. अशा वेळी थव्याच्या जवळ जाऊन त्याला उडवणे म्हणजे त्याने पुढच्या हजारो मैलांसाठी जमवलेली शिदोरी खर्चायला लावणे होय. थवा उडतानाचे चित्र भव्य दिसते यात शंका नाही. परंतु थवा स्वतःहून उडाला की उडवला गेला, हे जाणत्या नजरेला माना आणि पायांच्या ठेवणीवरून पुष्कळदा कळते, आणि मग चित्राची किंमत उतरते. मोटारीत बसूनच चित्र घेणे हा बहुतेक ठिकाणी उत्तम उपाय असतो, कारण पक्षी माणसाच्या उभ्या आकृतीला घाबरतात तितके थांबलेल्या वाहनाला घाबरत नाहीत.

सागरेश्वर अभयारण्य हा या सगळ्यात वेगळा प्रकार आहे. सांगली जिल्ह्यात, यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे या जन्मगावाजवळ, उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावून, कुंपण घालून आणि हरणे आणून सोडून ते घडवले गेले, आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला; त्याचे क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर आहे. येथे सांबर, चितळ आणि काळवीट तुलनेने सहज दिसतात, म्हणून नवशिक्याने प्राण्यांच्या हालचाली, वाऱ्याची दिशा आणि प्रकाशाचा कोन यांचा अभ्यास येथून सुरू करावा. हरणांना माणूस दिसण्याआधी त्याचा वास येतो. वारा छायाचित्रकाराकडून प्राण्याकडे वाहत असेल तर कितीही दबकत गेले तरी उपयोग होत नाही, आणि थंड पहाटे हवा उताराने खाली सरकत असल्याने वरून खाली उतरण्यापेक्षा खालून वर चढणे फायद्याचे ठरते.

कायद्याची बाजूही येथेच सांगायला हवी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश करताना वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. त्याच अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हुसकावत नेणे, त्याला आमिष दाखवणे आणि पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना त्रास देणे या गोष्टीही समाविष्ट आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. काळविटामागे मोटारसायकल पळवून त्याची उडी टिपणारा किंवा घरट्यापुढच्या फांद्या तोडून पिल्लांचे चित्र घेणारा मनुष्य हाती बंदूक नसली तरी कायद्याच्या नजरेत कोठे उभा असतो, ते त्यावरून समजावे.

नऊ-साडेनऊनंतर माळावरची सकाळ लांब पल्ल्याच्या लेन्ससाठी संपते, भले डोळ्यांना ती अजून प्रसन्न वाटत असो. कोरडी जमीन पटकन तापते, तिच्या लगतची हवा कमी-अधिक तापमानाच्या पदरांनी थरथरू लागते, आणि त्या हलत्या थरांतून वाकत आलेले किरण चित्राची धार बोथट करतात. लेन्स बदलून, तिवई घट्ट करून किंवा शटर वाढवून हा दोष जात नाही. अंतर कमी करणे किंवा काम थांबवणे हेच दोन मार्ग उरतात, आणि प्राण्याच्या बाबतीत पहिला मार्ग बहुधा योग्य नसतो.

घरी परतल्यावर चित्रासोबत तारीख, वेळ, ठिकाण आणि जातीचे नाव नोंदवले तर त्याला अभ्यासाचे मूल्य येते. एखाद्या तलावावर रोहित कोणत्या वर्षी केव्हा आले आणि केव्हा गेले, हे पुढे अशाच नोंदींवरून कळते. एका प्रसंगी मात्र ठिकाण लपवणे हेच योग्य असते. माण-खटावच्या माळांवर अजून लांडगा तग धरून आहे, आणि शिशिरात त्याची लहान पिल्ले विवरात असतात. मोबाइल व अनेक कॅमेरे चित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश आपोआप नोंदवतात. ती फाइल जशीच्या तशी पसरवली की आठवड्याभरात त्या विवराभोवती मोटारी उभ्या राहू शकतात, आणि मेंढ्या गमावल्याने चिडलेल्या कोणालाही तो पत्ता मिळू शकतो. म्हणून विवर, घरटे किंवा घुबडाची ढोली यांची चित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वी फाइलमधील स्थानाची माहिती काढून टाकावी, मथळ्यात गावाऐवजी केवळ जिल्ह्याचे नाव द्यावे, आणि विवराचे चित्र असेल तर पिल्ले बाहेर पडून कळपाबरोबर फिरू लागेपर्यंत ते प्रसिद्धच करू नये.